गळ, आमिष आणि दोरा

(मासा पकडण्याचे साहित्य साधे असते : एक काठी, एक दोरा, एक गळ आणि थोडे आमिष. पण कोणत्या माशासाठी कोणते आमिष घ्यावे आणि दोरा किती मजबूत असावा, हे ठरवायला निरीक्षण लागते, थोडे गणितही लागते. नंदुरबार जिल्ह्यातील तापी नदी आणि रत्नागिरीचा समुद्र या दोन ठिकाणांची उदाहरणे घेऊन ही निवड कशी करावी, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे. पाण्यातील जीवांविषयी आपली जबाबदारी काय आहे, हेही या पाठातून समजते.)

मित्रांनो, तुम्ही कधी नदीकाठी गळ टाकून बसला आहात का? बसला नसाल, तर आज माझ्याबरोबर चला. आपण नंदुरबार जिल्ह्यात जाऊ.

नंदुरबार हा महाराष्ट्राच्या उत्तर टोकाचा जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून तो वेगळा झाला. या जिल्ह्याला समुद्र नाही. पण नद्या आहेत. उत्तरेच्या सीमेवरून नर्मदा वाहते आणि मधून तापी वाहते. शहादा तालुक्यात प्रकाशा नावाचे गाव आहे. तेथे गोमाई नदी तापीला मिळते. पुढे हीच तापी गुजरातमध्ये जाते आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते.

समजा, सुट्टीच्या दिवशी तुम्ही अब्बांबरोबर प्रकाशाला गेलात. वाटेत दुकानातून गळ आणि दोरा घ्यायचा आहे. तुम्ही दुकानदाराला काय सांगाल? बहुतेक तुम्ही म्हणाल, "सगळ्यांत मोठा गळ द्या आणि सगळ्यांत मजबूत दोरा द्या. मासा सुटायला नको!"

तुम्ही नदीवर जाता. गळाला कणकेचा मोठा गोळा लावता आणि पाण्यात सोडता. एक तास जातो, दोन तास जातात. दोरा हलत नाही. तुमच्यापासून दहा पावलांवर एक म्हातारे भोईबाबा बसले आहेत. त्यांचा दोरा इतका बारीक, की उन्हात चमकला तरच दिसतो. त्यांचा गळ तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. दुपारपर्यंत त्यांच्या टोपलीत पाच मासे जमतात. तुमची पिशवी रिकामीच.

तुम्ही त्यांना विचारता, "बाबा, माझा दोरा तर तुमच्यापेक्षा मजबूत आहे. मग मासा तुमच्याकडेच का येतो?"

बाबा हसतात आणि म्हणतात, "पोरा, तू सामान आधी घेतलेस आणि माशाचा विचार नंतर केलास. मी आधी माशाचा विचार केला."

बाबांच्या या एका वाक्यात आजचा पाठ आहे. आता आपण तो नीट समजून घेऊ.

मासा काय खातो?

माशाचे तोंड पाहिले, की तो कुठे आणि काय खातो हे बरेचसे कळते. बाजारात मासे पाहायला मिळाले, तर मुद्दाम निरीक्षण करा. कटल्याचे तोंड मोठे आणि वर वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूला असते. तो तळाशी खातो. म्हणून कटल्यासाठी गळ वर तरंगत ठेवावा लागतो, तर मृगळासाठी तो तळापर्यंत सोडावा लागतो. आमिष तेच असले, तरी ते चुकीच्या जागी ठेवले तर उपयोग नाही. रोहू, कटला आणि मृगळ यांना मळलेल्या कणकेची गोळी चालते. गोळी लहान असावी, तोंडात सहज मावेल एवढी.

शिंगाळ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या तोंडाजवळ लांब मिशा असतात. तो तळाशी, गढूळ पाण्यात आणि अंधारात फिरतो. तेथे डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. म्हणून तो वासाने आणि मिशांच्या स्पर्शाने अन्न शोधतो. त्याच्यासाठी गांडूळ चांगले. मात्र त्याला हातात धरताना सांभाळा. त्याच्या परांत टोकदार काटे असतात आणि ते लागले तर फार ठणकते.

मरळ हा शिकारी मासा आहे. पाणवनस्पतींच्या आडोशाला तो दबा धरून बसतो. समोरून एखादा लहान मासा किंवा बेडूक गेला, की झडप घालतो. त्याला वासापेक्षा हालचाल महत्त्वाची वाटते. म्हणून मरळीसाठी काही जण खरे आमिष लावतच नाहीत. ते चमच्याच्या आकाराचा चकचकीत पत्रा गळाला लावतात आणि तो पाण्यातून ओढतात. पत्रा वळवळतो, चमकतो आणि मरळीला तो लहान मासाच वाटतो. अशा फसव्या आमिषाला कृत्रिम आमिष म्हणतात.

म्हणजे पाहा, एका माशाला चव हवी, दुसऱ्याला वास हवा, तिसऱ्याला हालचाल हवी. तिघांसाठी एकच आमिष कसे चालेल?

दोरा किती मजबूत असावा?

पूर्वी गळाचा दोरा सुताचा, तागाचा किंवा रेशमाचा असे. तो पाण्यात भिजून लवकर कुजे. १९३५ साली अमेरिकेतील वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाने नायलॉनचा शोध लावला. पुढे नायलॉनचा एकेरी, पारदर्शक दोरा बाजारात आला. आपल्याकडे मासेमार त्याला तंगूस म्हणतात. तंगूस कुजत नाही आणि पाण्यात सहज दिसत नाही.

तंगूसच्या गुंडाळीवर दोन आकडे छापलेले असतात. एक जाडीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा ताकदीचा, किलोग्रॅममध्ये. दोरा किती ओढीने तुटेल, हे दुसरा आकडा सांगतो. साधारणपणे ०.२० मिलिमीटर जाडीचा दोरा तीन किलोच्या आसपास ओढ सहन करतो. मग ०.४० मिलिमीटरचा दोरा किती सहन करेल? तुम्ही म्हणाल, सहा किलो. पण तसे नाही. जाडी दुप्पट झाली, की दोऱ्याच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते. म्हणून ताकदही जवळजवळ चौपट, म्हणजे बारा किलो होते. गणिताच्या तासाला शिकलेले वर्तुळाचे क्षेत्रफळ येथे उपयोगी पडते.

मग नेहमी जाडच दोरा का घेऊ नये? त्याची कारणे तीन आहेत. जाड दोरा माशाला दिसतो. जाड दोऱ्याला पाण्याचा प्रवाह जास्त ढकलतो, त्यामुळे आमिष जागेवर राहत नाही. आणि जाड दोरा ताठ असतो, त्यामुळे हलके आमिष पाण्यात अवघडल्यासारखे दिसते. तुमच्या गळाकडे मासा का आला नाही, हे आता कळले का?

मात्र फार बारीक दोराही चालत नाही. मरळ ओढ लागताच पाणवनस्पतींत शिरते. तेथे दोरा अडकतो, घासतो. दोन किलोची मरळ तीन किलोच्या दोऱ्याने निघणार नाही. तेथे दहा-बारा किलोचा दोराच हवा.

आणखी एक गोष्ट. दोऱ्याची सगळ्यांत कमजोर जागा म्हणजे गाठ. घाईने मारलेल्या साध्या गाठीने दोऱ्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. म्हणून गळ बांधताना दोरा स्वतःभोवती पाच-सहा वेळा गुंडाळून गाठ मारतात. गाठ आवळण्यापूर्वी ती पाण्याने ओली करतात. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने गरम होते आणि नायलॉन तेथेच अशक्त होते. उन्हात पडून राहिलेला दोराही कमजोर होतो. मागच्या वर्षीचा दोरा वापरण्यापूर्वी तो ओढून पाहावा.

आता समुद्रावर

समजा, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही रत्नागिरीला मामूंकडे गेलात. रत्नागिरीत मिरकरवाडा हे मोठे मासेमारी बंदर आहे. या परिसरात दालदी समाजाचे मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर मासेमारी करत आले आहेत. पावसाळा संपला, की किनाऱ्याजवळ बांगड्यांचे थवे येतात. बांगडा मुख्यतः जाळ्यांनीच पकडला जातो. पण हौशी माणसे धक्क्यावरून गळानेही पकडतात. कोकणात याला गरवणे म्हणतात.

मामू म्हणतात, "चल, आज बांगडे गरवू." आता नदीवर शिकलेले ज्ञान येथे वापरून पाहा. पहिला प्रश्न : बांगडा काय खातो? तो पाण्यात तरंगणारे अगदी बारीक जीव आणि माशांची पिल्ले खातो. तो एकटा नसतो, थव्याने फिरतो. त्याची नजर तेज असते. म्हणून त्याला बारीक आणि चमकणारे आमिष हवे. लहान गळाला पांढऱ्या पिसाचा किंवा चकचकीत कागदाचा तुकडा बांधला तरी पुरतो. थवा समोर असेल, तर एकाच दोऱ्याला असे पाच-सहा गळ लावतात. जपानी लोक अशा माळेला साबिकी म्हणतात. मुख्य दोऱ्याला थोड्या थोड्या अंतरावर लहान फाटे बांधलेले असतात. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक गळ आणि सर्वांत खाली शिसाचे वजन. माळ पाण्यात सोडून हळूच वर-खाली केली, की पिसे लुकलुकतात आणि पिल्लांचा थवा पोहत असल्यासारखे वाटते.

दुसरा प्रश्न : दोरा किती ताकदीचा? चला, हिशोब करू. एक बांगडा दीडशे ग्रॅमचा धरू. सहाही गळांना मासे लागले, तर नऊशे ग्रॅम. शिसे पन्नास ग्रॅम. एकूण वजन जवळजवळ एक किलो. पाण्यात माशाचे वजन जाणवत नाही. पण धक्क्यावर उचलताना सगळे वजन दोऱ्यावर येते. गाठीमुळे ताकद निम्मी होते, म्हणून दोन किलोचा दोरा हवा. मासे हिसका देतात, म्हणून पुन्हा दुप्पट, म्हणजे चार किलो. दगडाला घासण्यासाठी थोडे अधिक धरा. चार ते पाच किलोचा दोरा पुरेसा झाला. दहा-बारा किलोचा घेतला, तर बांगडा त्याकडे पाठ फिरवेल.

बांगड्याचा जबडा नाजूक असतो. मरळीसारखा जोराचा हिसका दिला, तर त्याचे तोंड फाटते आणि तो सुटतो. म्हणून माळ संथपणे, न थांबता वर ओढावी.

येथे मामू तुम्हांला एक नवी गोष्ट दाखवतात. माळेचा मुख्य दोरा पाच किलोचा आहे. पण फाटे मात्र तीन किलोचे आहेत. तुम्ही विचारता, "मामू, फाटे कमजोर का ठेवले? मासा तर फाट्यालाच लागतो!"

मामू म्हणतात, "बेटा, दोरा कधी ना कधी तुटणारच. खाली दगड आहेत, मोठे मासेही आहेत. तो कुठे तुटावा, हे मात्र आपण आधी ठरवायचे. फाटा तुटला तर एक गळ जातो. मुख्य दोरा तुटला तर सहा गळ, शिसे आणि हातभर दोरा समुद्रात राहतो."

तुटलेल्या दोऱ्याचे काय होते?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. तंगूस कुजत नाही, हा तिचा गुण आहे. आणि तोच तिचा दोषही आहे. पाण्यात राहिलेला दोरा वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्यात बगळ्यांचे पाय अडकतात, कासवांची मान अडकते. तोंडात गळ आणि मागे लांब दोरा घेऊन फिरणारा मासा कुठेतरी झुडपात गुंततो आणि उपाशी मरतो. तो कोणाच्याच पोटात जात नाही. म्हणून माशाच्या मानाने फार कमजोर दोरा वापरणे ही केवळ चूक नाही, तो अन्याय आहे. काठावर पडलेले दोऱ्याचे तुकडे गोळा करा, त्यांचे लहान लहान तुकडे करा आणि कचऱ्याच्या डब्यात टाका.

हीच गोष्ट लहान माशांची. ज्याने अजून एकदाही अंडी घातली नाहीत, असा मासा पकडला तर पुढच्या वर्षीचे मासेही आपण आजच संपवले. रोहू, कटला आणि मृगळ पावसाळ्यात, नदीला पूर आला असता अंडी घालतात. त्या दिवसांत नदीला विश्रांती द्यावी. समुद्रावरही पावसाळ्यात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, ती याच कारणाने. गळाला पिल्लू लागले, तर हात ओले करून त्याला धरा, गळ हळूच काढा आणि पाण्यात सोडा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तो थर रोगांपासून त्याचे रक्षण करतो.

मरळीविषयी तर एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. मरळीची पिल्ले सुरुवातीला थव्याने पाण्याच्या वरच्या थरात फिरतात. लालसर ठिपक्यांचा ढग फिरावा, तसा तो थवा दिसतो. त्याच्याखाली आईबाप पहारा देत असतात. त्या वेळी समोर कोणतीही वस्तू आली, तरी ते तिच्यावर तुटून पडतात. भूक लागली म्हणून नव्हे, पिल्लांना वाचवण्यासाठी. अशा वेळी मरळ पकडणे अगदी सोपे असते. पण ती गेली, की दुसरे मासे तिची पिल्ले खाऊन टाकतात. मित्रांनो, तेथे गळ टाकू नका.

कोणाची भाकरी?

आपल्यासाठी गळ टाकणे हा सुट्टीचा छंद आहे. पण सर्वांसाठी तो छंद नाही. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या पाण्यामुळे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. नदीकाठची शेते पाण्याखाली गेली. शेत गेल्यावर तेथील काही आदिवासी कुटुंबांनी त्याच पाण्यात मासेमारी सुरू केली आणि सहकारी संस्था स्थापन केल्या. पाणी वाहते होते तेव्हा नर्मदेत महासीर पोहत असे. त्याला वाहते पाणी आणि दगडगोटे लागतात. साचलेल्या पाण्यात त्याची संख्या घटते. मग आमिषही बदलते, जाळेही बदलते आणि माणसाला नव्याने शिकावे लागते.

म्हणून कोणत्याही तलावावर किंवा धरणावर जाल, तेव्हा तेथील मासेमारांची परवानगी घ्या. पुष्कळ जलाशय मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. एकटे कधीही जाऊ नका. वरून विजेच्या तारा जात असतील, तेथे लांब काठी उचलू नका. प्रकाशा आणि सारंगखेडा येथे तापीवर बंधारे आहेत. पावसाळ्यात त्यांचे दरवाजे उघडले, की पाणी झपाट्याने वाढते. सूचना ऐकताच सामान तेथेच टाकून वर या. दोरा पुन्हा विकत मिळतो.

आता पुन्हा त्या दुकानात चला. दुकानदार विचारतो, "काय देऊ?" या वेळी तुम्ही घाई करत नाही. तुम्ही मनात तीन प्रश्न विचारता : मी कोणत्या माशासाठी जातो आहे? तो काय खातो, कुठे खातो? दोरा तुटलाच, तर पाण्यात काय मागे राहील? मग तुम्ही दुकानदाराला सांगता, "तीन किलोचा बारीक दोरा द्या आणि लहान गळ द्या."

दुकानदार तुमच्याकडे पाहतो. तो ओळखतो, की हा मुलगा आज रिकाम्या हाताने परतला, तरी नदीकडून काहीतरी शिकून येईल.

शब्दार्थ

गळ – मासा पकडण्याचा वाकडा, टोकदार आकडा
आमिष – माशाला भुलवण्यासाठी गळाला लावलेले खाद्य, लालूच
तंगूस – नायलॉनचा एकेरी, पारदर्शक दोरा
गरवणे – गळाने मासे पकडणे
कृत्रिम – माणसाने तयार केलेले, नकली
थवा – समूह, झुंड
फाटा – मुख्य दोऱ्यापासून निघालेला लहान दोरा
छेद – कापल्यावर दिसणारा भाग
जलाशय – पाण्याचा मोठा साठा
ठेका – ठरावीक रक्कम भरून घेतलेला हक्क

वाक्प्रचार

दबा धरून बसणे – शिकारीसाठी लपून बसणे
झडप घालणे – एकदम हल्ला करणे
पाठ फिरवणे – दुर्लक्ष करणे, निघून जाणे
तुटून पडणे – जोराने हल्ला करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) नंदुरबार जिल्हा कधी अस्तित्वात आला?
(२) तापी नदी कोणत्या समुद्राला मिळते?
(३) शिंगाळा आपले अन्न कसे शोधतो?
(४) गाठ आवळण्यापूर्वी ओली का करतात?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) मुलाच्या गळाला मासा का लागला नाही?
(२) मामूंनी माळेचे फाटे कमजोर का ठेवले?
(३) पिल्लांबरोबर असलेली मरळ का पकडू नये?

प्र. ३. कोण कोणास म्हणाले?
(१) "मी आधी माशाचा विचार केला."
(२) "दोरा कधी ना कधी तुटणारच."

प्र. ४. योग्य जोड्या लावा.
'अ' गट : कटला, शिंगाळा, मरळ, बांगडा
'ब' गट : चमकणारे पीस, कणकेची गोळी, वळवळणारा पत्रा, गांडूळ

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
मजबूत, बारीक, गढूळ, ओला, वर

प्र. ६. भाषेची गंमत.
माशासाठी लावलेल्या खाद्याला उर्दूत 'चारा' म्हणतात. मराठीत 'चारा' म्हणजे गुरांचे खाद्य. उर्दूत गळाला 'काँटा' म्हणतात. मराठीत 'काटा' बाभळीला असतो आणि माशाच्या अंगातही असतो. उच्चार सारखा पण अर्थ वेगळा, असे आणखी तीन शब्द शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम
मोठ्या माणसांच्या मदतीने हा प्रयोग करा. बारीक तंगूसने एक रिकामी बादली जमिनीपासून चार बोटे वर टांगा. तिच्यात एक एक लीटर पाणी ओता. एक लीटर पाण्याचे वजन एक किलो असते. बादलीचेही वजन धरा. किती किलोला दोरा तुटला, ते लिहून ठेवा. तो गाठीजवळ तुटला की मध्येच, हेही पाहा. प्रयोग करताना चेहरा दोऱ्यापासून दूर ठेवा. नंतर सर्व तुकडे गोळा करा.